तीन कॉम्प्युटर, एक फाईल आणि माझं शहाणपण

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी जामखेडला घरी परत आलो, आणि सहा महिन्यांत बायकोने मला वाचनालयात पाठवलं. "घरातला प्रत्येक स्विच तुमचा उघडून झाला. आता दुसरीकडे जा," असं ती म्हणाली. वाचनालय बाजारतळाच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर आहे. तिथे पेपर वाचायला म्हणून मी जाऊ लागलो आणि आठवडाभरात सगळ्यांना कळेल अशा बेताने सांगून टाकलं की मी कॉम्प्युटरमधला माणूस आहे.

हे पूर्ण खोटं नव्हतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक युनिक्सवर चालणारं मशीन होतं आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. जबाबदारी म्हणजे ते बंद पडलं की नगरला फोन करायचा, तिकडचा माणूस सांगेल ते अक्षरन् अक्षर टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. हे मी अकरा वर्षं बिनचूक केलं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला युनिक्सचा जाणकार समजत होतो.

वाचनालयात त्या वेळी एक चांगलं काम सुरू झालं होतं. खर्ड्याच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या काही घरांतून जुने मोडी कागद मिळाले होते. पत्रं, वतनाचे कागद, पाटील-कुलकर्ण्यांचे निवाडे. ते स्कॅन करायचे, वाचायचे, देवनागरीत उतरवायचे आणि त्यांची सूची करायची असं ठरलं होतं. या कामाला माणसं दोन. एक ग्रंथपाल, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते स्कॅन करत आणि सूची ठेवत. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्या मूळच्या शेवगावच्या, जामखेडला मुलीकडे राहायला आलेल्या. मोडी त्या वडिलांकडून शिकल्या होत्या आणि टायपिंग पासष्टी उलटल्यावर स्वतःहून. त्यांना सगळे बाई म्हणत. मीही म्हणे, जरी त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. निदान तोवर तरी नव्हतं.

कॉम्प्युटर तीन. स्कॅनर जोडलेला वाचनालयाचा जुना विंडोजवाला, आणि कुणीतरी देणगी दिलेले दोन, ज्यांच्यावर मी मोठ्या दिमाखात लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच फुकट मिळणारं भावंड, चढवलं होतं. भाऊ एकावर स्कॅन करायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे, बाईंना द्यायचे. बाई वाचून टाइप करायच्या, पेन ड्राइव्ह भाऊंना परत. भाऊ तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसून क्रमांक घालायचे. काम ठीक चाललं होतं. तेवढ्यात मी म्हणालो, "हे काय पेन ड्राइव्ह घेऊन फिरताय? नेटवर्क करू. तिघं एकमेकांना फाईली देतील."

भाऊ म्हणाले, "व्हय सायब, करा की."

दुसऱ्या कुणीही त्या दुपारी केबल ओढली असती आणि चहापर्यंत काम संपवलं असतं. मी म्हणालो, "आधी प्रोटोकॉल निवडावा लागेल."

प्रोटोकॉल म्हणजे दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. फाईली वाटून घेण्यासाठी अशा पद्धती अनेक आहेत, आणि इंटरनेटवर त्यांच्या बाजूने आणि विरोधात भांडणारी माणसं त्याहून अनेक आहेत. मी तीन आठवडे ती भांडणं वाचली. एक तक्ता केला. आडवे प्रोटोकॉल, उभे गुण. वेग, सुरक्षा, साधेपणा, परंपरा. परंपरा हा रकाना मी स्वतःच घातला होता, कारण मला एनएफएस नावाचा प्रोटोकॉल निवडायचा होता. तो युनिक्सच्या घराण्यातला आणि मीही स्वतःला त्याच घराण्यातला समजत होतो. बाकी रकान्यांत तो एसएमबीच्या बरोबरीत येत होता. एसएमबी म्हणजे विंडोजवाल्यांची पद्धत. परंपरेत मी तिला दहापैकी दोन गुण दिले.

त्या तक्त्याच्या चार पानी झेरॉक्स काढून मी बैठक बोलावली. बैठकीला भाऊ आणि बाई. भाऊंनी पहिलं पान पाहिलं, मग दुसरं, मग पानं उलटी ठेवून त्यांवर चहाचा कप ठेवला. बाईंनी मात्र चष्मा लावून चारही पानं वाचली. त्यांनी विचारलं, "यात एक सांगा. मी एक कागद उघडून बसलेय आणि भाऊंनी तोच उघडला, तर काय होतं?"

माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. मी म्हणालो, "तसा प्रसंग आपल्याकडे येणार नाही."

"का?"

"आपण तीनच माणसं आहोत ना."

बाईंनी चष्मा काढला आणि पुढे काही विचारलं नाही. शिक्षक असं करतात तेव्हा विद्यार्थ्याने घाबरायला हवं, हे मला त्या वेळी समजलं नाही.

एनएफएस दोन लिनक्स कॉम्प्युटरांवर अर्ध्या दिवसात चालू झाला. मी खूश. मग विंडोजवाल्या कॉम्प्युटरकडे वळलो, जिथे स्कॅनर होता आणि जिथून सगळा माल यायचा होता. त्यावर विंडोजची घरगुती आवृत्ती होती आणि तिच्यात एनएफएस बोलायची सोयच नव्हती. हे मी तीन आठवड्यांत कुठेतरी वाचायला हवं होतं. वाचलंही असावं. पण आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघायला मी त्या कॉम्प्युटरसमोर एकदाही बसलो नव्हतो. मुलीसाठी स्थळ तीन आठवडे पारखून लग्नाच्या दिवशी कळावं की नवरदेवाला बोलताच येत नाही, तसं झालं. चूक नवरदेवाची नव्हती.

आता सरळ मार्ग होता. तक्ता फाडायचा आणि एसएमबी लावायचं. पण ज्याला दोन गुण दिले त्याच्या दारात जायचं कसं? मी म्हणालो, "काही दिवस एफटीपी वापरू. तात्पुरतं."

एफटीपीची रीत अशी की फाईल एका ठिकाणी ठेवायची, ज्याला हवी त्याने तिची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायची, काम करायचं आणि परत वर चढवायची. सगळे कॉम्प्युटर ही पद्धत बोलतात. एकच खोट, चढवताना जुनी फाईल पुसून नवी बसते आणि कुणी विचारत नाही की बाबा, खात्री आहे का? जो शेवटी चढवेल त्याचं खरं.

यात मी आणखी एक भर घातली. प्रत्येक कॉम्प्युटरवर जुन्या प्रती साचत राहतील, त्यातली खरी कुठली ते कळणार नाही, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाईल वर पोचली की आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत आपोआप पुसली जाणार. सहा ओळींचा प्रोग्रॅम. आयुष्यात मी स्वतः लिहिलेला तो पहिला आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी बायकोला तो वाचून दाखवला. ती कोथिंबीर निवडत होती. "बरंय," म्हणाली.

महिना व्यवस्थित गेला. मी पेपर वाचायच्या बहाण्याने रोज जाऊन नेटवर्क चालू आहे ना हे बघत असे, आणि ते चालू असे. दर रविवारी सगळ्या फाईलींची एक राखीव प्रत काढायची, असंही मी ठरवून घेतलं होतं. एका रविवारी शेवगावला लग्न होतं म्हणून ती राहिली. पुढच्या रविवारी, लग्नात जेवण जरा जास्त झाल्यामुळे, ती पुन्हा राहिली. हो, आठ दिवसांनंतरही. मी काही लपवणार नाही.

त्याच दिवसांत बाई एका वाडीच्या कागदांवर काम करत होत्या. एका वाडीचे सगळे कागद एकाच फाईलमध्ये उतरवायचे, अशी त्यांची पद्धत. ती फाईल त्या सकाळी उतरवून घेत आणि दुपारी परत चढवत. एका सोमवारी त्या चहाला उठल्या असताना भाऊंनीही तीच फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवली, सूचीचे क्रमांक घालायला. थोडे घातले. मग वाचनालयात पुस्तकमोजणी निघाली आणि ते काम मागे पडलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी त्यांना आठवलं. उरलेले क्रमांक घातले आणि फाईल वर चढवली. शनिवारी बाई आल्या, फाईल उघडली आणि बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. मी समोर पेपर वाचत होतो.

"माझे शेवटचे कागद दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी हसून उठलो. बाईंना खाली सरकवायला जमत नसेल असं मला वाटलं. मी सरकवलं. फाईल मागच्या आठवड्यातल्या सोमवारी जिथे होती तिथेच संपत होती. त्यापुढचं बाईंचं अख्ख्या दोन आठवड्यांचं काम त्यात नव्हतं. बाईंच्या कॉम्प्युटरवर प्रत असायला हवी होती. माझ्या सहा ओळींनी ती रोजच्या रोज, न चुकता पुसली होती. राखीव प्रत बघितली तर ती लग्नाच्या आधीची.

त्या वेळी मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी भाऊंकडे वळून म्हणालो, "तुम्ही जुनी फाईल कशी काय चढवली?"

भाऊ उभे राहिले. "सायब, तुमीच सांगितलं हुतं, काम झालं की वर चढवायचं. म्या चढवलं. माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी माझी सूचना तंतोतंत पाळली होती, मी अकरा वर्षं नगरच्या फोनवरच्या पाळत होतो तशी. मी बाईंना सांगितलं, "चूक भाऊंची नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर प्रत राहिली असती. ती पुसणारा प्रोग्रॅम माझा आहे."

बाईंनी विचारलं, "मुद्दाम पुसायला सांगितलं होतं?"

"हो. घोटाळा होऊ नये म्हणून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, तसा प्रसंग येणार नाही. मला तेव्हाच विचारायचं होतं की तुम्हाला ते माहीत आहे की तुम्हाला तसं वाटतं. मी विचारलं नाही. तेवढी माझी चूक."

पुढचे दोन दिवस मी पुसलेल्या फाईली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातून बाईंचं एक अक्षर निघालं नाही. निघाले ते कॉम्प्युटर देणगी देणाऱ्याच्या घरच्या कुठल्याशा हळदी समारंभाचे अर्धेमुर्धे फोटो. एकात फक्त पिवळे हात होते. भाऊ मागून बघत होते. म्हणाले, "हे कुनाचं काय काढलं सायब? ऱ्हाऊ द्या."

बाई तोवर गेलेल्यांतल्या पहिल्या कागदापासून पुन्हा बसल्या होत्या. मी काही मदत करू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "मोडी येते?" नाही म्हणालो. "मग पंखा तेवढा कमी करा."

चौथ्या का पाचव्या दिवशी त्यांनी मला आणि भाऊंना हाक मारली. पडद्यावर एक पत्र होतं. मोडीत आधी कागदभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडतीलच असं नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "पहिल्या वेळी मी हे 'तळेगावात बांधिले' असं वाचलं होतं. काय बांधलं ते कळेना, म्हणून कडेला लिहून ठेवलं की तळेगाव कोणतं ते शोधणे. दोन दिवस फोन करत होते लोकांना. आज वाचताना दिसलं. हे गाव नाहीच. 'तळे, गावात बांधिले' असं आहे. तळं बांधलंय यांनी गावात. आणि पुढे लिहिलंय, गाळ काढणे तुम्हांकडे."

मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं की माझं तोंड सुटतं. मी म्हणालो, "म्हणजे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. फाईल गेली नसती तर हे सापडलं नसतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्यांदा तपासायचंच होतं मला. डोळे माझेच आहेत. त्यासाठी कुणी फाईल पुसायची गरज नव्हती."

भाऊ एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

ज्यांच्या घरातून ते पत्र आलं होतं ते शेतकरी पुढच्या बाजाराच्या दिवशी जामखेडला आले होते. भाऊंनी त्यांना वर बोलावलं. साठीचा माणूस, हातात बियाण्याची पिशवी, दारातच चपला काढून उभा. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. तळ्याच्या ओळीपाशी शेतकऱ्यांनी त्यांना थांबवलं.

"तळं म्हनलात का बाई? आवो, आमच्या खालच्या वावराला समदे तळ्याची पट्टी म्हनत्यात. तिथं तर थेंब न्हाई पान्याचा. म्या लहानपनी बापाला इचारलं हुतं, हितं तळं कुठंय? बाप म्हनला, नाव हाय, तू पेर." मग ते म्हणाले, "आनि गाळ कुनी काढायचा म्हनलात?"

"तुमच्या घराण्याने," बाई म्हणाल्या.

"मग आमीच बुजवलं म्हना की." ते हसले. मग बाईंना म्हणाले, "पुन्यांदा वाचा." बाईंनी सुरुवातीपासून वाचलं. त्यांनी उभ्यानेच ऐकलं, पिशवी खाली न ठेवता.

त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या फाईलमध्ये काय असतं. इतके दिवस माझ्या लेखी ते काही केबी होते, इकडून तिकडे जाणारे.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेतला नाही. सकाळी दहापासून पाचपर्यंत भाऊंच्या आणि बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि कोण काय उघडतं, कधी उघडतं, कुठे ठेवतं ते वहीत लिहिलं. बाईंना हे आवडलं नाही. "परीक्षक बसल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. पण सात तासांत मला तीन आठवड्यांपेक्षा जास्त कळलं. स्कॅन केलेली चित्रं एकदा तयार झाली की कुणीच बदलत नाही, फक्त बघतात. लिहायची फाईल मात्र दोघांनाही लागते, कधी कधी एकाच वेळी. म्हणजे आम्हाला वेग नको होता, परंपरा तर नकोच होती. एक जण आत असताना दुसऱ्याला दारात थांबवणारं कुणीतरी हवं होतं.

एसएमबी हे काम मुकाट्याने करतं. विंडोजला ते जन्मापासून येतं, आणि लिनक्सला शिकवायला एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं, जे फुकट मिळतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवून बसलो आणि चार वाजता संपवलं. स्कॅनच्या फोल्डरला फक्त बघायची परवानगी ठेवली, भाऊंच्या स्कॅनरचा कॉम्प्युटर सोडून. सहा ओळींचा प्रोग्रॅम तिन्ही ठिकाणांहून काढला. राखीव प्रत रोज दुपारी एक वाजता आपोआप निघेल असं केलं, म्हणजे माझ्या जेवणाचा आणि तिचा संबंध उरला नाही.

"झालं?" भाऊंनी विचारलं.

"झालं."

"मग ते तीन आटवडे काय करत हुता?"

मी अभ्यास, असं म्हणणार होतो. पण बाई ऐकत होत्या.

दोन दिवसांनी भाऊ सूचीला बसले आणि मोठ्याने ओरडले, "सायब! हे बगा काय म्हनतंय!" मी धावलो. माझं काळीज अजून शनिवारच्या ठिकाणीच होतं. पडद्यावर लिहिलं होतं की ही फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे, बदल करता येणार नाही, नुसती बघायची का? भाऊ खुर्ची मागे सारून म्हणाले, "बाई आत हायेत म्हनून सांगतंय. लई भारी." तेव्हापासून ते रोज आधी ती फाईल उघडून बघतात. बाई आल्या की नाहीत हे कळायला. बाई चार हातांवर समोर बसलेल्या असतात.

हे शेवगावच्या एका वाचनालयापर्यंत गेलं. बाईंची तिथे ओळख होती. तिथल्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला की तुम्ही नेटवर्क छान केलंय म्हणे, आमच्याकडेही तीन कॉम्प्युटर आहेत, याल का? बाईंनी माझ्याविषयी नेमकं काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. पंचवीस मीटर केबल, जोडण्या बसवायची पकड आणि एक नवा तक्ता घेऊन सकाळची एसटी पकडली. तक्ता एकाच पानाचा होता. मी सुधारलो होतो.

तिथे मी शहाण्यासारखा आधी नुसता बसलो. दुपारपर्यंत बघितलं. तीन कॉम्प्युटरांपैकी एकावर मॅडम काम करत होत्या. दुसऱ्यावर आवरण होतं. तिसऱ्यावर आवरण होतं आणि त्यावर मासिकांचा गठ्ठा.

"या दोन्हीवर कोण बसतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच आहे ना."

"मग फाईली कुणाकुणात वाटायच्या आहेत?"

मॅडमनी थोडा विचार केला. "तसं बघितलं तर कुणातच नाही. पण सगळे म्हणतात, नेटवर्क असावं."

माझ्या पिशवीत केबल होती आणि हात शिवशिवत होते. मी दोनदा पकड बाहेर काढली. एक फोल्डर तरी जोडून द्यावा, उगीच, पुढे कधी लागला तर, असंही मनात आलं. एवढ्या लांब येऊन काहीच न करता परत जायचं म्हणजे घरी काय सांगणार? शेवटी मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला काही नको. फक्त रोज एक राखीव प्रत काढा." ती कशी काढायची ते त्यांना दाखवलं. दहा मिनिटं लागली.

त्यांना फार आनंद झाला. इतका साधा सल्ला कुणी दिला नव्हता म्हणाल्या, आणि भेळ मागवली. मी भेळ खाल्ली, पण मन लागलं नाही. परतीच्या एसटीत बाजूला एक गृहस्थ बसले होते. त्यांचं जामखेडमध्ये औषधांचं दुकान होतं. बोलता बोलता म्हणाले, दुकानात आणि गोदामात असे दोन कॉम्प्युटर आहेत आणि स्टॉकची यादी दोन्हीकडे लागते.

मी पिशवी मांडीवर घेतली. "दोघं एकाच वेळी उघडता का ती यादी?" मी विचारलं.